माप आणि मुदत : रायगड किनाऱ्यावरचे आळीतले दुकान

दुकान नेमके काय विकते

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, उरण ही रायगड किनाऱ्यावरची गावे आळ्यांनी, पाड्यांनी आणि कोळीवाड्यांनी बांधलेली आहेत. बहुतेक आळीच्या तोंडाशी एक किराणा दुकान असते. दहा-बारा फूट रुंदीचा गाळा, पुढे ओटा, आत छतापर्यंत फळ्या, वर पोटमाळा आणि गल्ल्यामागे घरातलेच कोणी तरी. या दुकानातली जवळजवळ कोणतीच वस्तू तिथे तयार होत नाही. तांदूळ गिरणीतून येतो, साखर कारखान्यातून, साबण कंपनीतून. तरीही आळीला दुकान लागते, कारण दोन गोष्टी फक्त तिथे मिळतात : लहान माप आणि लांब मुदत. घाऊक व्यापारी पन्नास किलोची गोणी देतो आणि आठ-पंधरा दिवसांत पैसे मागतो. घराला मात्र आज एक किलो हवे असते आणि पैसे पगाराला, पिकाला किंवा होडी परतल्यावर मिळणार असतात. या दोन टोकांमधले अंतर दुकान स्वतःच्या अंगावर घेते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत ही दुकाने पुष्कळ बदलली. तो बदल समजून घ्यायचा तर माप कोणी बदलले आणि मुदत कोणी आखूड केली, हे दोन प्रश्न पुरतात.

माप : कुवलीपासून किलोपर्यंत

अलिबागपासून चार-पाच किलोमीटरवर आक्षी येथे जुना मराठी शिलालेख आहे. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे वाचन प्रचलित आहे. त्यात महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्याची नोंद आहे. कुवली हे धान्याचे माप. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक लेख धान्य मोजून देण्याविषयी आहे, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाला नजरेआड करता येत नाही.

पुढील काळात घराघरांत रूढ असलेली मापे दुपटीने वाढत जात : दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. त्यापुढे मण आणि खंडी. प्रदेशानुसार मणाच्या पायल्या कमीजास्त होत, परंतु लहान मापांची दुपटीची साखळी बरीचशी सारखी होती. ही सर्व आकारमानाची मापे होती, वजनाची नव्हती. त्यांना तराजू लागत नसे, एक पोकळ भांडे पुरे. मात्र भांडे कसे भरले यावर बरेच अवलंबून असे. वर शीग ठेवली तर धान्य जास्त, हाताने सपाट केले तर कमी. हळू ओतले तर दाणे सैल बसतात, आपटून भरले तर दाटतात. विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे भांडण बहुधा या शिगेवरून होई.

हे भांडण दोन कायद्यांनी मिटवले, किंवा निदान त्याची जागा बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या वजनमाप कायद्यानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली आणि साठच्या दशकाच्या आरंभी ती सक्तीची झाली. म्हणजे चार-पाच वर्षांच्या आत दुकानदाराला नाणे आणि वजन ही दोन्ही परिमाणे बदलावी लागली. जुना भाव शेराचा आणि आण्यात, नवा भाव किलोचा आणि पैशात. कागदावर न मांडता रोज शेकडो वेळा हा हिशेब करणाऱ्या लोकांची नोंद अर्थशास्त्राच्या पुस्तकांत फारशी होत नाही. ती व्हायला हवी होती. पायलीची पत्र्याची किंवा लाकडी भांडी दुकानातून गेली. भाताच्या पिकाविषयी बोलताना खंडी आणि मण हे शब्द मात्र आगरी गावांत अजून टिकून आहेत, कारण शेताचा अंदाज किलोत करण्याची तिथे गरज पडत नाही.

आज तराजूची जागा इलेक्ट्रॉनिक काट्याने घेतली आहे. २००९ च्या वैध मापन कायद्याखाली हा काटा दरवर्षी तपासून त्यावर शासकीय मुद्रा उमटवून घ्यावी लागते. काट्याने वजन अचूक दिसते. परंतु जुन्या तागडीत पारडे किंचित झुकते ठेवून देण्याची जी मुभा होती, ती ग्रॅमच्या आकड्यात उरलेली नाही.

वाटा : मापाबाहेरचे माप

किनाऱ्यावरची सर्वांत महत्त्वाची खरेदी, म्हणजे ताजी मासळी, आळीतल्या दुकानात कधीच येत नाही. ती कोळीण पाटीतून आणते किंवा बाजारात मांडते. तिथे बोंबील, मांदेली, कोळंबी वाट्यावर विकतात. वाटा म्हणजे ढीग. त्याला ग्रॅम नसतात, असतो तो नजरेचा अंदाज आणि त्यावरची घासाघीस. मोठा मासा नगावर किंवा तुकड्यावर जातो. नाशवंत मालाला हे माप सोयीचे, कारण दुपार चढते तसा भाव न बदलता वाटा मोठा करता येतो. किराणा दुकानात उलट घडते : तिथे माप स्थिर आणि भाव चढउताराचा. सुकी मासळी या दोहोंच्या मध्ये आहे. जवळा, सोडे, सुके बोंबील पूर्वी मापट्याने आणि वाट्याने जात. आता बंद पिशवीत, वजन छापून, किराणा दुकानाच्या फळीवरही दिसू लागले आहेत.

मुदत : खात्याची वही

उधारी हा दुकानाचा दुसरा माल. तिचे साधन म्हणजे लांबट लाल वही. प्रत्येक घराला एक पान, पानावर तारीख, जिन्नस, रक्कम आणि खाली बाकी. काही दुकानांत दोन वह्या असतात, एक दुकानाची आणि एक गिऱ्हाइकाकडची लहान, म्हणजे दोन्हीकडे सारखी नोंद राहते. मुलाच्या हाती चिठ्ठी येते, माल जातो, पानावर ओळ वाढते. पगारदार घराची मुदत महिन्याची असते, बांधकामावरच्या मजुराची आठवड्याची, शेतकऱ्याची पिकाची आणि मच्छीमाराची हंगामाची. एकाच दुकानात अशा चार वेगवेगळ्या घड्याळांची खाती शेजारी शेजारी चालतात. दुकानदाराचे कौशल्य बहुतांशी हेच : कोणाचे पैसे केव्हा येतील हे ठाऊक असणे.

उधारीवर उघड व्याज नसते. ते भावात मिसळलेले असते, म्हणूनच आळीतला भाव बाजारपेठेपेक्षा थोडा चढा राहतो. रोखीने घेणाराही तोच भाव देतो. अर्थात रोखीचे गिऱ्हाईक उधारीच्या गिऱ्हाइकाचा काही भार नकळत उचलते. या व्यवस्थेवर टीका करताना ही बाब विसरू नये, आणि तिचे कौतुक करतानाही.

कायद्याच्या दृष्टीने वही हा कच्चा आधार आहे. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांतील नोंदी न्यायालयात ग्राह्य असतात, पण केवळ त्या नोंदीवर कोणावर देणे लादता येत नाही. सोबत दुसरा पुरावा लागतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातला हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. शिवाय मुदतीच्या कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी कोणी न्यायालयात जात नाही, हे खरे. म्हणून वही चालते ती ओळखीवर. आळीत राहणारा माणूस रोज दुकानावरून जातो, आणि बाकी थकली की तो दुसऱ्या वाटेने जाऊ लागतो. वसुली लांबणार असल्याची पहिली खूण हीच.

आगोट

पावसाळ्याच्या तोंडाशी करायच्या बेगमीला कोकणात आगोट म्हणतात. मे महिन्यात तांदूळ, डाळी, मीठ, सुकी मासळी, पापड, लोणचे आणि वर्षाचा मसाला भरून ठेवायचा. मिरच्या वाळतात, भाजतात आणि डंकावर कुटून येतात. आगरी आणि कोळी घरांचे मसाल्याचे प्रमाण वेगवेगळे. याच काळात अलिबाग तालुक्यातल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घरात टांगल्या जातात. भातानंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर कार्ले, खंडाळे या परिसरात होणारा हा कांदा चवीला सौम्य असतो. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

दुकानाच्या दृष्टीने आगोट म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा भरणा. त्यामागे दोन कारणे होती. पहिले वाहतुकीचे, दुसरे उत्पन्नाचे. पावसात समुद्र खवळला की मुरूड-श्रीवर्धनकडची जलवाहतूक थांबे आणि माल मिळेनासा होई. मासेमारीही थांबते : यांत्रिक नौकांना सध्या १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते, जेणेकरून माशांच्या प्रजननाला अवधी मिळावा. या काळात कोळीवाड्यातल्या खात्यांवर फक्त ओळी वाढतात. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर बाकी उतरू लागते. आगरी शेतकऱ्याचे चक्र याच्या पुढचे, भात कापणीनंतरचे. दोन्ही समाजांची गिऱ्हाइके असलेल्या दुकानात एकाची वसुली सुरू होते तेव्हा दुसऱ्याची उधारी चढलेली असते, आणि त्यामुळेच दुकान वर्षभर तगून राहते.

रस्ते झाले, शीतकपाटे आली आणि आगोटीचे पहिले कारण मागे पडले. दुसरे कारण अजून शाबूत आहे.

माल येण्याची वाट

या किनाऱ्याची घाऊक पेठ नेहमीच मुंबई. भाऊचा धक्का ते रेवस आणि धरमतर ही बंदरातली वाट पावसातही चालू असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती याच वाटेवर. धान्य, गूळ, तेल, कापड पडावांतून आणि मचव्यांतून खाड्यांच्या तोंडाशी उतरे व तिथून बैलगाडीने आत जाई. पुढे मालमोटारींनी वडखळमार्गे ही वाहतूक घेतली. मस्जिद बंदर भागातला धान्य-मसाल्याचा घाऊक व्यापार वाशीच्या बाजार समितीत हलला, तेव्हा रायगडच्या दुकानदाराला पेठ एका खाडीने जवळ आली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू आणि उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे या दोन्हींचे उद्‌घाटन एकाच दिवशी झाले. वाट आखूड होण्याचा लाभ दुकानाला होतो तसा तोटाही, कारण ज्या वाटेने माल येतो त्याच वाटेने गिऱ्हाईक बाहेर जाते. उरणचे कुटुंब महिन्याचा किराणा आज बेलापूर-नेरूळहून सहज आणू शकते.

तेल : घाण्यापासून पिशवीपर्यंत

एका वस्तूचा प्रवास पाहिला की संपूर्ण बदलाची दिशा कळते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गावांत तेल गाळण्याचे काम बरेचसे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी कुटुंबांकडे होते. शनिवारी, त्यांच्या शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर उतरले. किहीमकर, नवगावकर, रेवदंडेकर ही त्यांची आडनावे गावांचीच आहेत. अलिबागला त्यांचे सिनेगॉग आणि इस्राएल आळी आजही आहे. त्या काळी तेल विकणारा आणि तेल काढणारा एकच होता व तो शेजारी राहत होता. तेल कोणत्या बियांचे हे विचारावे लागत नसे. बरीच कुटुंबे आधी मुंबईला आणि १९४८ नंतर इस्राएलला गेली, गिरण्यांचे तेल आले, आणि दुकानात पंधरा किलोचा डबा, नरसाळे आणि मापाची पळी दिसू लागली. गिऱ्हाईक घरून बाटली आणी.

ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने जलोदरसदृश आजाराची साथ पसरली आणि माणसे दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने त्याच वर्षी खाद्यतेल वेष्टनातच विकण्याचा आदेश काढला. आता डब्याच्या जागी एक लिटरची पिशवी आहे. भेसळ शोधणे सोपे झाले, आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच. पण दहा रुपयांचे तेल देण्याची दुकानाची क्षमता त्याबरोबर संपली. ज्या घरात रोजच्या मजुरीवर रोजचा स्वयंपाक होतो, त्या घराला मापातला हा बदल सर्वांत जास्त जाणवतो.

पुडा, पुडी आणि छापील किंमत

कागदाची पुडी बांधून वर दोरा गुंडाळण्याची कला आता थोड्याच हातांत उरली आहे. तिची जागा कंपनीच्या पुड्याने घेतली. पुड्याने माप फोडण्याचे काम दुकानाकडून कारखान्याकडे नेले. १९८० च्या दशकात शाम्पू लहान पुडीत आला आणि पाठोपाठ चहा, मसाला, कॉफी, साबणचुरा असे सारेच जिन्नस रुपया-दोन रुपयांच्या पुड्यांत उतरले. लहान मापाची गरज कंपन्यांनी ओळखली, एवढाच त्याचा अर्थ.

१९९० पासून पुड्यावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे आवश्यक झाले. त्याने गिऱ्हाइकाची फसवणूक कमी झाली, परंतु दुकानदाराच्या नफ्याची मर्यादाही कंपनीने ठरवायची झाली. सुट्या तांदळात किंवा डाळीत प्रत निवडून, साफ करून, मिसळून चार पैसे जास्त मिळवता येतात. बिस्किटाच्या पुड्यात ती सोय नसते. कच्च्या मालाचे भाव वाढले तरी पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांचाच राहतो, आतले वजन घटत जाते. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक वजनाचे बंधन काढून टाकले आणि त्याऐवजी ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापण्याची तरतूद केली. अक्षरे बारीक असतात आणि ती वाचणारे थोडे.

करपद्धतीतही सुटे आणि बांधलेले असा भेद आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या धान्यावर आणि डाळीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. दुकानात गोणी उघडून तोलून दिलेला तोच तांदूळ करमुक्त राहिला. सुटा माल विकणाऱ्या लहान दुकानाला कररचनेने दिलेला हा मोजक्या लाभांपैकी एक.

सुटे पैसे

चार आण्याचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. त्याआधीच दुकानातली सुट्यांची टंचाई गोळ्या-चॉकलेटांनी भागवली जात होती, म्हणजे गिऱ्हाइकाला न मागितलेली वस्तू घ्यावी लागत होती. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि जानेवारी २०२० पासून अशा देण्याघेण्यावर दुकानदाराला शुल्क राहिले नाही. आता गल्ल्याशेजारी चौकोनी क्यूआर फलक आणि रक्कम मोठ्याने सांगणारा डबा असतो. सतरा रुपयांचे देणे बरोबर सतरा रुपयांतच होते, चॉकलेटची गरज उरली नाही.

याचा खोल परिणाम मुदतीवर झाला आहे. ‘उद्या देतो, सुटे नाहीत’ ही उधारीची सर्वांत सौम्य सुरुवात होती, आणि ती सबब राहिली नाही. उलट दिशेने पाहता, दुकानाची रोजची विक्री बँकेच्या खात्यावर दिसू लागल्याने दुकानदाराला कर्ज मिळणे काही अंशी सुलभ झाले.

दुकानाची स्वतःची उधारी

दुकान मुदत देते ती कोणाकडून तरी घेऊनच. घाऊक व्यापारी आठवडा-पंधरवडा थांबतो. कंपनीचा वितरक मात्र बहुधा रोखीच मागतो, आणि फळीवर कंपनीचा माल वाढत गेला तशी ही तंगी वाढली. पतपेढीचा पिग्मी प्रतिनिधी रोज संध्याकाळी येऊन शंभर-दोनशे रुपये घेऊन जातो. दारावर येऊन लहान रक्कम जमा करण्याची ही पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. वर्षअखेरीस साठलेली रक्कम मेमधल्या भरण्याला उपयोगी पडते. भिशी हा आणखी एक मार्ग, फक्त त्याला कायद्याचे संरक्षण नाही.

नकाराचे सामर्थ्य

ज्या दुकानाशिवाय घर चालत नाही, ते दुकान नकार देऊन घर अडवूही शकते. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे एक सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात अस्पृश्यांनी हक्क मागितले की त्यांच्यावर बहिष्कार घातला जातो आणि गावचा वाणी त्यांना रोजच्या गरजेच्या वस्तूही विकत नाही, असे नमूद आहे. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, आणि महाड याच जिल्ह्यात. अलीकडे, २०१३ ते २०१५ या काळात रायगडच्या गावांतून कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या अनेक तक्रारी पुढे आल्या. वाद कधी निवडणुकीचा, कधी जमिनीचा, कधी गावकीचा निर्णय न मानल्याचा. पण शिक्षेत बहुधा दुकान बंद हे कलम असे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले, यात रायगडच्या या कुटुंबांनी सोसलेल्या छळाचा आणि त्याविरुद्ध बोलण्याच्या त्यांच्या धैर्याचा मोठा वाटा आहे.

ओळखीवर चालणाऱ्या दुकानाविषयी जिव्हाळ्याने लिहिले जाते. ओळखीची ही दुसरी बाजूही त्याच पानावर यावी. चेहरा न ओळखणारे मोठे दुकान कोणाला वाळीत टाकत नाही.

३ जून २०२०

टाळेबंदी चालू असतानाच या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धन किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. घरांची कौले आणि पत्रे उडाले, श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि मोबाइल सेवा अनेक दिवस बंद राहिली. अशा वेळी विजेवर आणि संदेशवहनावर चालणारी प्रत्येक सोय एकदम थांबते : क्यूआर फलक, बँकेचे यंत्र, शिधावाटप दुकानातले अंगठ्याचे यंत्र. मेणबत्ती, काडेपेटी, ताडपत्री, तांदूळ हे जिन्नस ज्या दुकानात होते आणि ज्या दुकानाकडे वही होती, तिथेच व्यवहार शक्य होता. उत्पन्नाचे साधनच मोडलेल्या बागायतदाराला पीक-हंगामाची नेहमीची मुदत उपयोगाची नव्हती, कारण सुपारीचे नवे झाड फळावर यायला कित्येक वर्षे लागतात. वहीची मर्यादाही तिथे दिसते. महिन्यांची मुदत ती देऊ शकते, वर्षांची नाही. ते काम नुकसानभरपाईचे आणि बँकेचे.

शनिवार-रविवारचे गिऱ्हाईक

मांडवा, किहीम, वरसोली, नागाव, काशीद या पट्ट्यात पर्यटक आणि बंगलेवाले वाढले तसे दुकानाचे आठवड्याचे गणितच बदलले. त्यांना ना लहान माप हवे असते, ना मुदत. बाटलीबंद पाणी, बर्फ, कोळसा आणि खाऱ्या पदार्थांचे पुडे घेऊन ते रोख देऊन जातात. किनाऱ्याकडच्या दुकानांत डाळीच्या गोण्या मागे सरकून शीतपेयांचे फ्रीज पुढे आले, टोप्या आणि चेंडू छताला लटकले. गाळ्यांची भाडी वाढली. काही दुकाने पाहुण्यांच्या खोल्यांच्या उत्पन्नावर तगली आहेत. मागच्या आळीतल्या म्हातारीला पाव किलो तूरडाळ द्यायला वेळ आणि जागा कमी पडू लागली, हा या बदलाचा न मोजलेला खर्च.

मोठे दुकान आणि ॲप

२०१२ मध्ये केंद्राने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली, ती दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आणि राज्यांच्या संमतीने. त्या वेळी झालेल्या वादात आळीतले दुकान लवकरच संपेल असे विरोधकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात दबाव आला तो देशी साखळी दुकानांकडून आणि घरपोच ॲपकडून. दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या व्यवस्थेला आसपास दाट वस्तीची कोठारे लागतात. अलिबाग शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत वीस हजारांच्या आसपास होती, त्यामुळे नवी मुंबईतले गणित इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. इथले दुकानदार व्हॉट्सॲपवर यादी घेतात आणि मुलाच्या हाती दुचाकीवरून माल पाठवतात. पैसे महिन्याने घेतात. वेगात ते कमी पडतील, मुदतीत नाही.

दुकान विकताना

आज दुकान बंद होण्याचे कारण बहुधा स्पर्धा हे नसते. सकाळी सात ते रात्री दहा बसायला पुढची पिढी तयार नसते. ती थळच्या खत कारखान्यात, न्हावाशेवाच्या बंदरात किंवा मुंबईच्या कार्यालयात असते. मग गाळा विकायला निघतो. फळ्या, काटा, फ्रीज, उरलेला माल या साऱ्यांची किंमत ठरते. वहीतली येणी मात्र सहसा कोणी विकत घेत नाही, कारण ती बाकी कोणत्या घराची, त्या घरात पैसे केव्हा येतात आणि किती थांबले तर मिळतील, हे वहीत लिहिलेले नसते. ती जुन्या मालकाबरोबर घरी जाते. पुढची काही वर्षे नारळी पौर्णिमेनंतर कोणी तरी येऊन ओट्यावर बसते, जुने पान काढायला सांगते आणि राहिलेले पैसे मोजून देते.